कुत्रा ऐकत नाही, की आपण उशिरा सांगतो?

वस्तीवरचा हा प्रसंग तुम्हांला नवा नाही. दुपारची वेळ. शेजाऱ्याच्या शेळ्या बांधाच्या कडेने चरत येतात आणि आपला मोत्या त्यांच्यामागे सुटतो. आपण हाका मारतो, तो ऐकत नाही. शेळ्या चौफेर उधळतात, शेजारी शिव्या घालतो आणि दहा-पंधरा मिनिटांनी दमलेला मोत्या जीभ बाहेर काढून आपल्याजवळ येतो. आपण त्याचा पट्टा धरतो आणि हातातली काठी दोन-चार वेळा चालवतो. "पुन्हा जाशील?" मोत्या केकाटतो, पोटावर सरपटतो. आपल्याला वाटते, बरी अद्दल घडली.

अद्दल घडली खरी, पण कसली? मोत्याच्या लेखी शेळ्या केव्हाच मागे पडल्या. त्याने शेवटचे काम केले ते धन्याच्या हाकेला येण्याचे, आणि त्याच कामाला काठी मिळाली. पुढच्या वेळी तो शेळ्यांमागे जाईलच, फक्त परत येणार नाही. दहा हातांवर उभा राहून आपल्या तोंडाकडे बघत राहील. मग आपण म्हणणार, कुत्रं बेइमान निघालं.

"पण त्याला कळतं हो आपण चुकलो ते, बघा कशी मान खाली घालतो!" असे पुष्कळ जण सांगतात. हे न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक बाईंनी २००९ साली तपासून पाहिले. खाऊला तोंड लावू नको असे कुत्र्याला बजावून मालक बाहेर गेला. परत आल्यावर काही मालकांना खरे सांगितले, काहींना खोटे. मान खाली घालण्याचा संबंध खाऊ खाल्ला की नाही याच्याशी नव्हताच, मालक रागावला की नाही याच्याशी होता. ज्यांनी खाऊला तोंडही लावले नव्हते आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांचा चेहरा तर सर्वांत जास्त पडला. आपण ज्याला पश्चात्ताप समजतो ती आपल्या आवाजाची भीती आहे.

कुत्रा शिकतो कसा, याचा एक धागा रशियातल्या इव्हान पावलोव्ह यांनी पकडून दिला. ते मुळात पचनाचा अभ्यास करणारे. १९०४ सालचे नोबेल पारितोषिकही त्यांना पचनावरील कामासाठीच मिळाले. कुत्र्याला अन्न दिल्यावर लाळ किती सुटते हे मोजताना त्यांच्या लक्षात आले की, अन्न आणणाऱ्या माणसाची चाहूल लागताच लाळ सुटायला लागते. हे तुमच्या घरी रोज घडते. भाकरीच्या टोपल्याचे झाकण वाजले की मोत्या उठून दारात येतो. त्या आवाजामागून काय येते, ते त्याला ठाऊक असते. पावलोव्ह यांनी पुढे दोन गोष्टी दाखवल्या. आवाज आधी आणि अन्न लगेच नंतर, असा क्रम असेल तरच नाते पक्के जुळते. आणि आवाज येत राहिला पण अन्न आलेच नाही, तर ते नाते हळूहळू विरते. दिवसभर "मोत्या, मोत्या" असा उगाच धोशा लावला की नावाची किंमत अशीच उतरते.

दुसरा धागा अमेरिकेतला. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली भुकेल्या मांजरांना खोक्यात कोंडून बाहेर अन्न ठेवले. मांजर ओरबाडते, चावते, आणि केव्हातरी दाराची दोरी ओढली जाते. पुढच्या खेपांना वेळ कमी कमी होत जातो. ज्या कृतीचा शेवट गोड, ती टिकते. पुढे बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरे घेऊन यावर वर्षानुवर्षे काम केले. त्यातला एक निष्कर्ष आपल्या ओसरीवर रोज खरा ठरतो. जे काम दर वेळी फळते त्यापेक्षा जे अधूनमधून फळते, त्याची सवय सुटायला जास्त अवघड. मटका लावणारा सुटत नाही तो याच कारणाने. जेवताना मोत्या ताटाशी घुटमळतो. नऊ दिवस तुम्ही हाकलता, दहाव्या दिवशी आजी प्रेमाने तुकडा टाकते. झाले! तुम्ही त्याला धीर धरायला शिकवले. म्हणून तुकडा द्यायचा तर द्या, पण नाही म्हटले की घरातल्या सगळ्यांचे नाही. आणि बंद केल्यावर पहिले काही दिवस त्याचे भुंकणे, मागे लागणे वाढते. तिथे डगमगलात तर मागच्यापेक्षा वाईट.

आता प्रत्यक्ष कामाचे. हाकेला येणे शिकवायचे असेल तर २०-२५ फुटांचा सुती दोर घ्या. भाकरीचे हरभऱ्याएवढे तुकडे खिशात ठेवा. बेदाणे किंवा द्राक्षे मात्र चुकूनही देऊ नका. कुत्र्याच्या मूत्रपिंडाला ती घातक ठरतात, आणि कांदा-लसूणही नको. मोत्या भुकेला असताना अंगणात, गडबड नसताना, त्याचे नाव घेऊन एकदाच "ये" म्हणा. तो वळून पाऊल टाकतो त्याच क्षणी जिभेने टक् करा आणि पोहोचताच तुकडा द्या. हा टक् कशाला? कारण तुकडा पोहोचायला उशीर होतो, आवाजाला होत नाही. डॉल्फिनला शिकवणारे शिट्टी वापरतात ती यासाठीच. मासा घेऊन पाण्यात वेळेवर पोहोचणार कोण? सुरुवातीला नुसते टक् आणि तुकडा, टक् आणि तुकडा असे पंधरा-वीस वेळा केले की आवाजाचा अर्थ त्याला लागतो. एका वेळी पाच मिनिटे पुरे.

अंगणात पक्के झाले म्हणजे शिवारात येते असे समजू नका. जागा बदलली की कुत्र्याला धडा नवा वाटतो. म्हणून मग बांधावर, मग रस्त्याकडेला, मग शेळ्या लांब दिसतील अशा ठिकाणी, दोर हातात ठेवूनच. आणि तो कितीही उशिरा आला, कितीही राग आला, तरी आलेल्या कुत्र्याला मारायचे नाही. हे जमायला माणसालाच जास्त दिवस लागतात, हे मी स्वतःवरून सांगतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पळणारी शेळी हेच कुत्र्याचे बक्षीस असते. तिच्यापुढे तुमच्या भाकरीचा तुकडा फिका. म्हणजे प्रत्येक पाठलाग हा त्याचा एक यशस्वी धडा झाला. म्हणून शिकवणे चालू असताना जनावरांच्या आसपास त्याला मोकळे सोडायचेच नाही. ज्याने शेळीला तोंड घातले आहे, रक्ताची चव घेतली आहे, त्याच्याबद्दल तर कोणी कितीही हमी दिली तरी त्याला कळपाजवळ मोकळे सोडू नका.

मुलाबाळांच्या बाबतीत काठी जास्तच महागात पडते. मोत्या शाळेच्या पोराकडे बघून गुरगुरला आणि तुम्ही तडाखा दिला, तर त्याच्या मनात पोर दिसणे आणि मार बसणे यांची जोडी जमते. वर तो गुरगुरणे सोडून देतो. गुरगुरणे म्हणजे त्याची आगाऊ नोटीस. ती बंद पडली की उद्या सरळ दात.

साखळीचेही तसेच. ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांनी ध्यानात घ्यावे की, प्राण्यांच्या छळाविरुद्धचा १९६० चा केंद्रीय कायदा आहे आणि त्याच्या कलम ११ मध्ये आखूड किंवा जड साखळीने जनावर अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे हासुद्धा.

पोलिसांच्या श्वानपथकाचे आपल्याला मोठे नवल वाटते. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर स्फोटके हुडकणारा झंजीर घराघरांत माहीत झाला. पण स्फोटकांशी अशा कुत्र्यांना काही देणेघेणे नसते. तो वास सापडला की आवडता चेंडू किंवा खाऊ मिळतो, एवढेच त्यांना पक्के माहीत असते. पावलोव्ह आणि थॉर्नडाइक यांचे तेच दोन धागे, फक्त शिकवणाऱ्याचा हात वेळेवर चालतो आणि रोज चालतो.

आणि वय. अमेरिकेतील बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर यांनी पिल्लांवर अनेक वर्षे काम केले. त्यांचा ग्रंथ १९६५ साली निघाला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्यांच्या सहवासात येते, त्यांना ते आपले मानते. नंतर तेच करायला दसपट कष्ट. आपल्या धनगरांच्या वाड्यात पिल्लू डोळे उघडते ते मेंढरांतच, ते काही कोणी पुस्तक वाचून केलेले नाही. गावात पिल्ले बहुधा हिवाळ्यात होतात. त्यातले राखणीसाठी आणणार असाल तर आठ आठवडे आईजवळ राहू द्या, पण त्या काळात रोज जाऊन हात लावा, पोरांना जवळ बसू द्या. घरी आणल्यावर शेळ्यांच्या गोठ्यातच, जाळीआड त्याची जागा करा. तीन महिन्यांचे झाले की पिसाळीची लस, आणि पुढे दर वर्षी. तारीख गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवली तरी चालेल.