किरणोत्सर्ग मोजणारा हातमीटर: वापर आणि देखभाल

सर्व्हे मीटर त्या क्षणी, त्या जागी असलेला मात्रेचा दर दाखवतो. छातीवरचा टीएलडी बिल्ला साठलेली एकूण मात्रा नोंदवतो. एक असला म्हणून दुसरा टळत नाही.

• नैसर्गिक पातळी: बहुतेक ठिकाणी ताशी सुमारे ०.१ ते ०.२ मायक्रोसिव्हर्ट.

• मीटर स्रोतापासून दूर सुरू करावा. आधी बॅटरी, मग तपासणी-स्रोतावर प्रतिसाद, मग नैसर्गिक पातळीची नोंद.

• अनोळखी जागी सर्वांत वरच्या पट्ट्यापासून सुरुवात. काही गायगर-म्युलर मीटर अतितीव्र किरणोत्सर्गात संपृक्त होऊन शून्य दाखवतात. त्या शून्यावर विश्वास ठेवणे ही सर्वांत धोकादायक चूक. अशा तीव्र किरणोत्सर्गात आयनीकरण कक्षाचा मीटर वापरतात.

• लहान स्रोतापासून अंतर दुप्पट केले की दर एक चतुर्थांश.

• गायगर-म्युलर नळीची अभ्रकाची खिडकी अतिशय पातळ असते. तिला स्पर्श नको. मीटर बराच काळ ठेवून द्यायचा असल्यास सेल काढावेत.

• अंशशोधन ठरावीक मुदतीने, तसेच दुरुस्तीनंतर. मुदत उलटलेला मीटरही आकडे दाखवतच राहतो.

• नियंत्रण: अणुऊर्जा नियामक मंडळ, मुंबई (स्थापना १९८३). वार्षिक मर्यादा: सामान्य नागरिक १ मिलिसिव्हर्ट, किरणोत्सर्गी कामातील कर्मचारी पाच वर्षांच्या सरासरीने २०, कोणत्याही एका वर्षात कमाल ३०.