संधी आणि दिशा

गेल्या वर्षी आमच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धेची सूचना लागली. दहावीच्या एका मुलाने लगेच नाव दिले. विषय कोणता, हेही त्याने विचारले नाही. त्याच वर्गातील एक मुलगी चार दिवसांनी माझ्याकडे आली. तिने पूर्ण भाषण लिहून आणले होते. पण नाव देण्याची मुदत संपली होती. स्पर्धेत तो मुलगा दोन मिनिटांतच अडखळून थांबला. मुलीने मला विचारले, "सर, मी मंद आहे का?" त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज देतो.

विद्यार्थी मित्रांनो, माणसांचे स्वभाव वेगवेगळे असतात. उर्दूत आपण स्वभावाला 'मिज़ाज' म्हणतो. मराठीत मात्र 'मिजास' म्हणजे ताठा, हे लक्षात ठेवा! कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२१ साली आपल्या ग्रंथात स्वभावाचे दोन मुख्य कल सांगितले. बहिर्मुख माणसाचे मन बाहेरच्या जगाकडे ओढ घेते. अंतर्मुख माणसाचे मन आतल्या विचारांकडे वळते. कोणीही पूर्णपणे एकाच प्रकारचा नसतो. बहिर्मुख माणूस संधी चटकन पकडतो, पण दहा कामांत विखुरला जाऊ शकतो. अंतर्मुख माणूस खोल विचार करतो, पण तोवर संधी निसटू शकते. म्हणजे दोघांतही गुण आहेत आणि उणिवाही आहेत.

आयुष्याची दिशादेखील सर्वांना एकाच रीतीने सापडत नाही. मुंबईचे सलीम अली लहान असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही चिमणी कोणती, हे विचारण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथील मिलार्ड साहेबांनी त्यांना पक्ष्यांचा संग्रह दाखवला. एका लहानशा प्रश्नातून त्यांना वाट सापडली. पुढे जर्मनीत शिकून ते १९३० साली परतले, तेव्हा त्यांची नोकरी उरली नव्हती. मग त्यांनी अलिबागजवळच्या किहीम गावी सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला. नोकरी गेली, पण दिशा सुटली नाही.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे उलट झाले. त्यांचे ध्येय आधीच ठरले होते : वैमानिक व्हायचे. डेहराडूनला हवाई दलाच्या निवडीत २५ उमेदवारांत त्यांचा क्रमांक नववा आला. जागा आठच होत्या. ते निराश झाले. पण आकाशाची ओढ त्यांनी सोडली नाही. त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या एसएलव्ही-३ या अग्निबाणाने १९८० साली रोहिणी उपग्रह अवकाशात नेला.

तेव्हा आपला स्वभाव ओळखा. तुम्ही उतावळे असाल, तर नाव देण्यापूर्वी स्वतःला विचारा, "यासाठी मी रोज वेळ देईन का?" तुम्ही विचारी असाल, तर प्रथम शेवटची तारीख वहीत लिहा, नाव द्या आणि मग हवा तेवढा विचार करा.

मुली, तू मंद नाहीस. तुझे भाषण चांगले होते. फक्त ते चार दिवस उशिरा आले.