किचन कॅबिनेट रंगवताय? आधी तेलाचे डाग ‘सील’ करा, नाहीतर नव्या रंगातूनही वर येतील

दिवाळीच्या तोंडावर घराला रंग काढला की किचनच्या कॅबिनेटचाही नंबर लागतो. पेंटर दोन हात मारतो, सगळं चकाचक दिसतं. काही आठवड्यांत मात्र शेगडीजवळच्या शटरवर पिवळसर डाग उमटतात आणि हँडलभोवती रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. अशा वेळी दोष अनेकदा रंगाचा नसतो, रंगाखाली राहिलेल्या तेलाचा असतो.

डाग पुन्हा वर का येतो?

फोडणी आणि तळणातून उडालेले तेलाचे बारीक थेंब शटरवर बसतात. उष्णता आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्यांचा चिकट थर तयार होतो. लाकूड, प्लाय किंवा एमडीएफ उघडं पडलं असेल, तर तेल आत मुरतं.

अशा जागी पाण्यावर आधारित रंग नीट पसरत नाही, बारीक खड्डे पडतात. ऑइल पेंट पसरतो, पण त्यातलं थिनर मुरलेलं तेल विरघळवून वर आणतं. म्हणून रंगाचा आणखी एक हात मारून उपयोग होत नाही.

सील करायचं म्हणजे काय?

तेल आणि रंग यांच्यामध्ये तेलाला ओलांडता न येणारा थर द्यायचा. यासाठी शेलॅक प्रायमर चांगला. शेलॅक म्हणजे फ्रेंच पॉलिशसाठी वापरतात तीच लाख. ती स्पिरिटमध्ये विरघळते, तेलात नाही. त्यामुळे खालचं तेल खालीच राहतं. तो न मिळाल्यास डाग रोखणारा ऑइल बेस्ड प्रायमर घ्या. साधा वुड प्रायमर रंगाला पकड देतो, पण डाग अडवेलच असं नाही. डब्यावर ‘स्टेन ब्लॉकिंग’ लिहिलंय का, ते पाहा.

कामाचा क्रम

१. हँडल काढा. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घालून, हातमोजे घालून शटर पुसा. कापड घट्ट पिळलेलं हवं, कारण प्लाय आणि एमडीएफच्या कडा पाणी पितात.

२. साध्या ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून सोडा पूर्ण काढा आणि रात्रभर वाळू द्या.

३. पाण्याचे थेंब टाकून पाहा. ते मोत्यासारखे गोल राहिले आणि बोटाला चिकटपणा लागला, तर तेल शिल्लक आहे. पुन्हा धुवा.

४. त्यानंतरच पॉलिश पेपर मारा. धुण्याआधी घासलं, तर तेल आणखी आत जातं. धूळ पुसून घ्या.

५. डागांवर सीलरचा पातळ हात द्या. डब्यावर सांगितलेल्या वेळेनंतर डाग दिसतोय का, ते पाहा. दिसला तर दुसरा हात द्या. मगच प्रायमर आणि रंग.

शेलॅक उष्णतेने मऊ पडतं. त्यामुळे ते उघडं ठेवू नका, त्यावर रंग हवाच.

सनमायका असेल तर?

सनमायकात तेल मुरत नाही, वरच राहतं. तो स्वच्छ धुणं, हलकं घासणं आणि गुळगुळीत पृष्ठभागासाठीचा प्रायमर देणं पुरेसं असतं. जोडाच्या आणि उघड्या कडांना मात्र सील करा.

या दोन गोष्टी टाळू नका

स्पिरिट आणि थिनरची वाफ चटकन पेट घेते. काम सुरू असताना आणि वास जाईपर्यंत गॅसचा रेग्युलेटर बंद ठेवा, खिडक्या उघडा. किचनमध्येच देवघर असेल, तर समई आणि उदबत्तीही लावू नका.

दुसरं, जुना रंग कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपर्यंतच ठेवण्याचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं आणि त्याची धूळ मुलांना घातक ठरते. असा रंग असेल, तर ओला पेपर वापरा, चांगला मास्क लावा, मुलांना आणि गरोदर महिलांना दूर ठेवा.

पेंटरशी काय बोलाल?

दर ठरवतानाच धुणं, वाळवणं आणि सीलर यांचा वेगळा उल्लेख करून घ्या. ‘दोन हात’ म्हणजे रंगाचेच की त्यात प्रायमरही धरला आहे, हेही विचारा. घाईत हेच टप्पे गळतात आणि पुन्हा रंग काढायचा खर्च तुमच्यावर येतो.