सेमाडोहच्या गल्ल्यात बिटकॉइन?

परतवाड्याहून धारणीकडे निघालं की मेळघाटच्या जंगलात सेमाडोह लागतं. सफारीला आलेले पर्यटक इथल्या किराणा दुकानांतून पाण्याची बाटली, बिस्किटं घेतात. आसपासची कोरकू कुटुंबं तेल-मीठ भरतात. अशा दुकानांनी बिटकॉइनसारखं क्रिप्टो चलन घ्यावं, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा ऐकायला बरा वाटतो : मोबाइल हातात आहे, मग मध्ये बँक कशाला? पण गिऱ्हाइकाने दिलेला पैसा गल्ल्यात मुक्कामाला येत नाही. त्यातूनच दुकानदाराला ठोक व्यापाऱ्याचं बिल, गाडीभाडं, विजेचं देणं भागवायचं असतं. यातला एकही जण बिटकॉइन घेत नसेल, तर एकट्या किराणावाल्याने ते घेऊन करायचं काय?

याच रस्त्यावर पुढे हरिसाल आहे. राज्य सरकारने मायक्रोसॉफ्टच्या साथीने २०१६ साली ते ‘डिजिटल गाव’ म्हणून पुढे आणलं. २०१९च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी तिथल्या चित्रफिती सभांमधून दाखवल्या आणि दावा व वस्तुस्थिती यांतल्या अंतरावरून राज्यभर वाद पेटला. राजकारण सोडून देऊ. पण तिथे तर व्यवहार साध्या रुपयांतच व्हायचे होते. रुपयासाठीही रेंज शोधावी लागते तिथे बिटकॉइनचं काय होणार? त्याचा व्यवहार पक्का करणारा नवा ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी तयार होतो. वीस रुपयांच्या बाटलीसाठी कोणी एवढा वेळ काउंटरवर उभं राहत नाही. लाइटनिंगसारख्या जोडयंत्रणेने व्यवहार क्षणात होतो, हे कबूल. पण नेट तिलाही लागतंच.

भावाचं काय? नोव्हेंबर २०२१मध्ये ६० हजार डॉलरच्या वर गेलेला बिटकॉइन वर्षभरात १७ हजारांच्या खाली आला. किराणावाला थोड्याशा नफ्यावर जगतो. ही घसरण त्याने कुठून भरून काढायची? डॉलरशी बांधलेलं स्टेबलकॉइन घ्या, असं त्यावर सांगतात. भाव स्थिर राहील, करातून मात्र सुटका नाही. एप्रिल २०२२पासून अशा मालमत्तेच्या हस्तांतरावरील नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही. क्रिप्टो देऊन साबण घेणं हेही हस्तांतरच! म्हणजे गिऱ्हाइकाने साबणाच्या वडीमागे दिलेल्या क्रिप्टोचा खरेदीभाव लिहून ठेवायचा. एल साल्वादोरने २०२१मध्ये कायदा करून दुकानदारांना बिटकॉइन घ्यायला लावलं, मोबाइल पाकिटात ३० डॉलर फुकट दिले. तरी रोजच्या बाजारात तो रुळला नाही आणि जानेवारी २०२५मध्ये सक्ती काढावी लागली.

बँक दूर असल्याची अडचण मात्र खरी आहे. साध्या फोनवरून, नेटशिवाय पैसे पाठवण्याची ‘यूपीआय १२३पे’ ही सोय रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२मध्ये सुरू केली. तिच्यातून आलेला रुपया परतवाड्याच्या ठोक व्यापाऱ्यालाही चालतो आणि वीजबिलालाही. तिलाही फोनची रेंज लागते, म्हणून दुकानदारांनी मागणी करायचीच तर आधी टॉवरची करावी.