शरणपूर ते रबाई

नाशिकचे शरणपूर आणि केनियातल्या मोंबासाजवळचे रबाई हे खेडे यांचे नाते एकोणिसाव्या शतकात जुळले, आणि ते जुळवले गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांनी. पूर्व आफ्रिकेतून माणसे पळवून नेणारी गलबते ब्रिटिश आरमार समुद्रात पकडत असे. त्यांतली बरीच मुले मुंबईला उतरवली जात. परत पाठवले तर किनाऱ्यावर पुन्हा धरले जाण्याची भीती होती, आणि आपले गाव कोणते हे सांगण्याइतकीही कित्येकांची वये नव्हती.

कोकणाला आफ्रिकी माणूस नवा नव्हता. पेण-रोह्याच्या दक्षिणेला जंजिऱ्याच्या, मूळच्या आफ्रिकी सिद्दींची सत्ता होती. त्या मुलखाला हबसाणच, म्हणजे हबशांचा मुलूख, म्हणत. पण सिद्दी राज्यकर्ते होते. ही मुले सर्वस्व गमावून आली होती.

चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५० च्या दशकात नाशिकजवळ शरणपूर वसवले. पुढे तिथेच या मुलांसाठी आश्रम निघाला. बायबल आणि लिहिण्या-वाचण्याबरोबर सुतारकाम, लोहारकाम असे हाताला पोटापुरते काम देणारे धंदे शिकवले जात.

रबाईचे मिशन क्राफ आणि रेबमान या जर्मन मिशनऱ्यांनी १८४६ मध्ये सुरू केले होते. अठरा वर्षांनंतरही तिथली ख्रिस्ती मंडळी मूठभरच होती. १८६४ मध्ये जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे शरणपूरचे तिघे रेबमानच्या मदतीला गेले. इथून पुढे रबाईची खरी उभारणी झाली ती या आफ्रिकी हातांनी.

शरणपूरचे नाव जगभर झाले ते मात्र आफ्रिकेचा शोध घेणाऱ्या लिव्हिंग्स्टनमुळे. त्याच्या शेवटच्या सफरीत इथली अनेक मुले होती. १ मे १८७३ च्या सुमारास तो चितांबो या आफ्रिकी सरदाराच्या गावी वारला, तेव्हा सोबत्यांनी त्याचे काळीज झाडाखाली पुरले आणि शरणपुरात वाचायला शिकलेल्या जेकब वेनराइटने प्रार्थना म्हटली. त्याच झाडाच्या खोडावर त्याने लिव्हिंग्स्टनचे नाव कोरले. देहाला मीठ लावून तो सुमारे चौदा दिवस उन्हात सुकवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला आणि कित्येक महिने पायपीट करून किनाऱ्यावर आणला. वेनराइट शवपेटीबरोबर इंग्लंडला गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झाले तेव्हा तो तिथे हजर होता.

त्याच वर्षी प्राइस स्वतः मोंबासाला गेले. समोरच्या किनाऱ्यावर त्यांनी मुक्त गुलामांची वसाहत उभारली आणि मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला फ्रिअर टाउन हे नाव मिळाले. शरणपूर आणि मुंबईकडून गेलेल्या सुमारे दीडशे जणांना तिकडे ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणू लागले. शिक्षक, कारागीर, दुभाषे, धर्मोपदेशक अशी सगळी कामे त्यांनी केली.

रबाईत जोन्सच्या काळात मिशनच्या आसऱ्याला पळून आलेल्या गुलामांची संख्या वाढत गेली. मालक त्यांना परत मागत होते. १८८८ च्या अखेरीस चौदाशेच्या आसपास माणसांचा मोबदला मालकांना चुकता करून त्यांना मुक्तीचे दाखले देण्यात आले. लहानपणी स्वतः विकला गेलेला जोन्स या मंडळीचा पाळक होता, हे ध्यानात घेतले की त्या दाखल्यांचे मोल कळते.

त्याआधी, १८८५ मध्ये जोन्स आणि सेमलर यांना पूर्व आफ्रिकेचे बिशप हॅनिंग्टन यांनी डीकनची दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन यांची आजच्या युगांडातल्या बुसोगात हत्या झाली. त्यांच्या काफिल्यातून वाचून जोन्सच ती बातमी घेऊन किनाऱ्यावर परतला. एवढे करूनही पूर्ण पुरोहितपद मिळायला या दोघांना आणखी दहा वर्षे थांबावे लागले. गोऱ्या मिशनऱ्यांच्या बरोबरीने त्यांना वागवले गेले नाही, आणि हा अन्याय त्यांनी मुकाट्याने सोसला नाही.

आफ्रिकी मुले गेल्यावर शरणपुरातला त्यांचा आश्रम ओस पडला. नाशिकमध्ये शरणपूर रोड आजही आहे. तिकडे रबाईतली मिशनची जुनी वास्तू संग्रहालय म्हणून जपली आहे. लिव्हिंग्स्टनचा देह वाहून आणणाऱ्यांतला मॅथ्यू वेलिंग्टन, तोही शरणपूरचाच, १९३५ मध्ये मोंबासात वारला.