नव्या फटफटीचा विमा आणि घरचा सातबारा

दसरा किंवा पाडवा जवळ आला, म्हणजे ज्या घरातील मुलगा नुकताच कॉलेजात जाऊ लागला आहे त्या घरी मोटारसायकलीचा विषय निघतोच निघतो. गाडीची किंमत, तिचा रंग, एका लिटरात ती किती पळते, यांचा खल पंधरा-पंधरा दिवस चालतो. विम्याची गोष्ट मात्र पाच मिनिटांत आटोपते. दुकानदार सांगेल तो आकडा द्यावयाचा, आणि मिळालेला कागद गाडीच्या बैठकीखाली कोंबून ठेवावयाचा, असा बहुतेकांचा परिपाठ आहे. त्या कागदाविषयी आमच्या शेतकरी बंधूंस चार गोष्टी सांगाव्यात असे आम्ही योजिले आहे. कारण नवशिक्या स्वाराच्या विम्याचा खरा खर्च दुकानदाराच्या पावतीवर कधीच लिहिलेला नसतो.

प्रथम पावतीवरचा खर्च पाहू. सन १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा उतरविल्यावाचून कोणतीही गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. विमा नसताना प्रथम सापडल्यास दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही. आपल्या गाडीखाली दुसरा कोणी सापडला तर त्याची किंवा त्याच्या वारसांची भरपाई ह्या विम्यातून होते. आपल्या गाडीस एक पैसाही मिळत नाही. ह्या भागाचा दर कंपनी ठरवीत नाही, सरकार ठरविते. १ जून २०२२ पासून लागू केलेल्या दरांप्रमाणे ७५ ते १५० सी.सी. इंजिनाच्या दुचाकीस वर्षाला ७१४ रुपये, १५० ते ३५० पर्यंत १,३६६ रुपये, व त्यापुढे २,८०४ रुपये असा हिशेब बसविला गेला. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना हा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. त्याच २०२२ च्या तक्त्यात पाच वर्षांचा आकडा दीडशे सी.सी.पर्यंत ३,८५१ व त्यावरच्या वर्गास ७,३६५ होता. ह्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर निराळा.

म्हणजे मुलाने शंभर-सव्वाशेची गाडी सोडून एकशेसाठची मागितली, तर किमतीतील फरकाखेरीज नुसत्या विम्यातच ३,५१४ रुपयांचा फरक पडतो. मळ्यात जाण्यास शंभरची गाडी पुरते हे आम्ही सांगावयास नको. परंतु हल्लीच्या मुलांस मळ्यापेक्षा हमरस्ता अधिक दिसतो, त्यास इलाज नाही.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो सक्तीचा नाही, आणि त्याचा दर कंपनीगणिक बदलतो. दुकानदार दाखवील त्याच कंपनीचा विमा घेतला पाहिजे असे कोणतेही बंधन नाही. दोन-तीन ठिकाणी चौकशी करण्यास लाजू नये. ह्यात गाडीची किंमत दरसाल घसरत जाते. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, दुसऱ्या वर्षात २० टक्के, पाचव्या वर्षात ५० टक्के घट धरतात. वर्षभर भरपाई मागितली नाही तर पुढील हप्त्याच्या ह्या भागात २० टक्के सूट मिळते, आणि ती वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. नवशिका पहिल्या वर्षी दोन वेळा तरी पडतो, हे गृहीत धरावे. वाकलेल्या पायठेवणीसाठी व फुटलेल्या आरशासाठी भरपाई मागून ही सूट घालविणे आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही. विम्याची मुदत संपून नव्वद दिवस उलटले तरीही ती सूट जाते. सुगीच्या धांदलीत हेच बहुधा घडते.

आता मुद्द्याची गोष्ट. विलायतेत सतरा-अठरा वर्षांच्या नव्या स्वारास विमा कंपनी अनुभवी माणसाहून कितीतरी अधिक हप्ता लावते. आपल्याकडे तिऱ्हाइताच्या विम्याचा दर केवळ इंजिनाच्या आकारावर ठरतो. स्वार काल शिकला की वीस वर्षांपूर्वी, हे कोणी विचारीत नाही. बापाचे ७१४ आणि पोराचेही ७१४. ह्यामुळे नव्या स्वाराचा धोका फुकटात पदरी पडला असा समज होतो. तो खरा नव्हे. कंपनीने तो धोका हप्त्यात धरला नसला, तरी परवान्याच्या अटीत पक्का बांधून ठेवला आहे.

आम्ही तालुका कचेरीत वसुलीच्या टेबलावर असताना मोटार अपघात न्यायाधिकरणाचा एक दाखला आला. खातेदार असा, की त्याच्या नावावर साऱ्याची एका सालाची थकबाकी कधी निघाली नव्हती. त्याच्या सोळा वर्षांच्या मुलाने बाजारातून परतताना एका वाटसरूस धडक दिली आणि तो वाटसरू दवाखान्यात वारला. गाडीचा विमा चालू होता. कंपनीने मृताच्या वारसांस पैसे दिले, आणि ती सर्व रक्कम व्याजासह मालकाकडून वसूल करून मिळावी असा हुकूम घेतला. खातेदार प्लास्टिकच्या पिशवीत घालून विम्याचा कागद घेऊन आला व आमच्यासमोर ठेवून म्हणाला, "भाऊसाहेब, इन्शुरन्स तर भरलाय की हो. मग पैसे माझ्याकडून कशापायी?" उत्तर त्याच कागदाच्या पाठीमागे बारीक अक्षरांत छापलेले होते. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढविण्याच्या हुकुमाची नक्कल आमच्याच हाताने झाली. पुढे जप्तीची पाळी येण्याआधी त्याने विहिरीलगतचे तीस गुंठे आपण होऊन विकले.

हा एका कचेरीचा जुलूम नव्हे. कायदाच तसा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे न्यायाधिकरणाने ठरविलेली रक्कम जिल्हाधिकाऱ्याकडे दाखला पाठवून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. जानेवारी २००४ मध्ये स्वर्णसिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की विनापरवाना स्वाराने अपघात केला तरी तिऱ्हाइताचे पैसे कंपनीने आधी द्यावे. मात्र मालकाने जाणूनबुजून किंवा हयगयीने अट मोडली असे तिने शाबीत केल्यास ते पैसे ह्याच कलम १७४ च्या वाटेने मालकाकडून परत घ्यावे. आणि थकबाकी वसुलीची साधने कोणती, हे खातेदारांस सांगणे नलगे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १७६ मध्ये मागणीच्या नोटिशीपासून स्थावराच्या लिलावापर्यंत व थेट अटकेपर्यंत ती सर्व दिली आहेत. "किल्ली खुंटीला होती, पोराने न विचारता नेली," असे सांगणे सोपे. साक्षीपुराव्यात ते टिकविणे अवघड.

अठरा वर्षे पूर्ण झाल्यावाचून मोटारसायकलीचा परवाना नाही. सोळाव्या वर्षी जी मुभा आहे ती ५० सी.सी.पर्यंतच्या गाडीपुरती, आणि आपल्या गावात धावणाऱ्या गाड्या तिच्यात बसत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-अ आले. त्यान्वये अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकास अथवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

अठरा पूर्ण झालेल्याने शिकाऊ परवाना काढला, तर विमा त्यास सांभाळून घेतो; पण नियम पाळले असतील तरच. पांढऱ्या पाटीवर तांबडे एल अक्षर पुढे-मागे असावे, आणि शिकविणाऱ्या परवानाधारकाखेरीज मागे कोणासही बसवू नये. बहिणीस कॉलेजात सोडणे हे शिकणे नव्हे. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, व तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. ती एक दिवसही लांबवू नये.

पाठीमागे बसणाऱ्याविषयी आणखी एक खोच आहे. नुसता सक्तीचा, तिऱ्हाइताचा विमा असेल, तर मागे बसलेला माणूस त्यात धरला जात नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निकाल आहे. गाडीसह सर्वांगीण विमा घेतला तर तो धरला जातो. आपल्याकडे मागची बैठक रिकामी असलेली गाडी क्वचितच दिसते. आई, चुलता, शेजारी, दुधाची किटली धरलेला गडी, कोणी ना कोणी असतेच. चार पैसे वाचविण्यासाठी सर्वांगीण विमा सोडणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

तशीच गोष्ट मालक-चालकाच्या १५ लाखांच्या अपघात विम्याची. तो ज्याच्या नावे गाडी आहे व ज्याजवळ स्वतःचा परवाना आहे त्याच्यासाठी असतो. कर्जाच्या सोयीकरिता गाडी वडिलांच्या नावे, वडिलांजवळ परवाना नाही, आणि गाडी चालविणार मुलगा, असा प्रकार घरोघर आहे. अशा घरी ह्या विम्याचा भरवसा धरू नये. मुलगा सज्ञान व परवानाधारक असेल तर गाडी त्याच्याच नावे घ्यावी, नाहीतर त्याचा अपघात विमा वेगळा उतरवावा. बँकेतून मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा २०२२ पासून वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा आहे. तो तर प्रत्येकाने घ्यावा.

नवी गाडी आली की जुनी विकली जाते, आणि ती बहुधा नुसत्या स्टँपवर. गाडीचे नोंदणीपुस्तक म्हणजे तिचा सातबारा होय. खरेदीखत झाले पण फेरफार झाला नाही, तर सरकारदरबारी नाव कोणाचे राहते, हे आपण सर्व जाणतोच. नोंदणीपुस्तकावर ज्याचे नाव तोच मालक, व भरपाईचा जबाबदारही तोच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. मधल्या काळात गाडी चार हात फिरली असली तरी. घेणाऱ्यानेही चौदा दिवसांच्या आत विमा आपल्या नावे करण्यासाठी कंपनीकडे अर्ज द्यावा. विकणाऱ्याने नमुना २९ व ३० वर सह्या करून ते परिवहन कार्यालयात स्वतः दाखल करावे, विकत घेणाऱ्याच्या हाती देऊन मोकळे होऊ नये, आणि पोच घेऊन ती घरच्या जमिनीच्या कागदांच्या दप्तरातच बांधून ठेवावी.