बाळंतिणीची फूटपट्टी, बापाचं माप

एका वाचकाचं पत्र आलंय. 2020चा मे महिना. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, हा पुण्यात, मधे जिल्हाबंदी. ई-पासचा अर्ज दोनदा फेटाळला गेला. मुलीचं पहिलं दर्शन व्हिडिओ कॉलवर, तेही नेटवर्क अडखळत. 'सगळे पेढे मागत होते आणि मला काहीच वाटत नव्हतं. पुढे तीन-चार महिने नुसती चिडचिड. हा आजार होता की माझा नाकर्तेपणा?'

आजार असू शकतो. पॉलसन आणि बेझमोर या अमेरिकी संशोधकांनी 2010 मध्ये 43 अभ्यासांतल्या सुमारे 28 हजार जणांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा गरोदरपणापासून बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंतच्या काळात 10.4 टक्के बापांमध्ये नैराश्य दिसलं. सर्वाधिक प्रमाण बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना, म्हणजे पेढे संपल्यावर, पाहुणे पांगल्यावर. 'दहातला एक बाप' हा मथळा तिथूनच आला. मला तो जरा सांभाळून वापरावासा वाटतो. त्याच विश्लेषणात अमेरिकेचा आकडा 14.1 आहे आणि बाकीच्या देशांचा 8.2. हा फरक बापांतला की मोजण्यातला?

मोजण्याची गोष्ट तर भलतीच रंजक आहे. 1987 मध्ये जॉन कॉक्स, जेनिफर होल्डन आणि रूथ सागोव्स्की यांनी बाळंतिणींचं नैराश्य ओळखायला 'एडिंबरा' प्रश्नावली तयार केली. फक्त दहा प्रश्न, तेही गेल्या सात दिवसांबद्दल. नैराश्याच्या नेहमीच्या प्रश्नावल्या विचारतात, भूक लागते का, थकवा येतो का, झोप येते का. ओल्या बाळंतिणीला हे विचारून काय कळणार? ती दमलेली असणारच. म्हणून या तिघांनी शरीराच्या तक्रारी गाळल्या. झोपेचा प्रश्न ठेवला, पण खुबीने: मन उदास असल्यामुळे झोप लागत नाही, असं होतं का? बाळ रात्री तीनला रडतं म्हणून उडालेली झोप त्यात धरायची नाही. इतक्या साध्या शब्दांत इतकं नेमकं काही मी क्वचितच पाहिलंय.

पण ही फूटपट्टी कापली बाळंतिणीच्या मापाने. तिच्यात रडू येण्याबद्दल प्रश्न आहे; आणि आपल्याकडचा पुरुष रडत नाही, तो उशिरा घरी येतो, मोबाइलमध्ये डोकं घालतो, दार आपटतो. सिडनीत स्टीफन मॅथी आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये ती बापांवर तपासली. पट्टी चालते, पण धोक्याची रेघ आयांपेक्षा दोन गुणांनी खाली ओढावी लागते, असं त्यांना दिसलं. आयांची रेघ जशीच्या तशी लावली, तर बरेच बाप 'ठीक' ठरून निसटतात.

महामारीतल्या बापांबद्दलच्या मथळ्यांकडे म्हणूनच मी भुवया उंचावून पाहतो. लॉकडाउनमधली बरीच सर्वेक्षणं ऑनलाइन होती. अशी लिंक उघडून कोण बसतं? ज्याला आधीच काहीतरी खुपतंय तो. पण खुपण्याची कारणं खरी होती. मार्च 2020 मध्ये न्यूयॉर्कच्या काही रुग्णालयांनी प्रसूतीच्या वेळी जोडीदारालाही आत घ्यायचं बंद केलं. ओरड झाली आणि काही दिवसांतच राज्याच्या आदेशाने ते दार पुन्हा उघडलं. आपल्या सरकारी रुग्णालयांत बाप तसाही प्रसूतिगृहाबाहेरच असतो. पण बाहेर असतो! रक्ताची बाटली, औषधाची चिठ्ठी, सासूबाईंसाठी चहा अशी धावपळ करत. महामारीने त्याच्याकडून तो व्हरांडाही काढून घेतला.

उपचारांचं काय? इथे मला होल्डनबाईंची आठवण होते. त्यांचं नाव प्रश्नावलीपुरतंच घेतलं जातं, पण 1989 मध्ये त्यांनी एक छोटासा, देखणा प्रयोग प्रसिद्ध केला. आरोग्यसेविकांना थोडं प्रशिक्षण द्यायचं. त्यांनी नैराश्य आलेल्या आईच्या घरी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे जायचं आणि ऐकायचं. सल्ला नाही, नुसतं ऐकणं. अशा 26 जणींपैकी 69 टक्के सावरल्या. नेहमीचीच सेवा मिळालेल्या 24 जणींपैकी 38 टक्के. नमुना लहान आहे, मान्य. पण कुणीतरी दारात येऊन टेकणं हेच इथलं औषध होतं, आणि 2020 मध्ये नेमकं तेच बंद पडलं.

आपल्याकडे रुग्णालयात प्रसूती झाली, तर आशाताई 42 दिवसांत सहा वेळा घरी येते. बाळाचं वजन करते, ताप बघते, बाळंतिणीची विचारपूस करते. बाप तेव्हा बहुधा कामावर असतो, किंवा पाणी आणायला आत गेलेला असतो.

पत्रलेखकाला मी कळवलंय की नाकर्तेपणा हा शब्द आधी खोडा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. ही सेवा सुरू झाली ऑक्टोबर 2022 मध्ये. तोवर त्याची मुलगी चालायला, बोलायला लागली होती.